चानीचे स्वच्छ कान

माझ्या फोटोत आजवर एकाही नवरीच्या तोंडावर पुटकुळी दिसलेली नाही. तीस वर्षं स्टुडिओ चालवला मी, तालुक्याच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडसमोर. 'उदय फोटो'. मुरुम, चामखीळ, कांजिण्यांचे व्रण, रात्रभर रडून सुजलेले डोळे, सगळं काढून दिलं. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने, मग माऊसने, मग नुसत्या बोटाने. लोक म्हणायचे, नाटेकराकडे जा आणि दहा वर्षं लहान होऊन या. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, तो अजून पुरता गेलेला नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते.

पुढे फोटो काढायला स्टुडिओत येणारं कुणी उरलं नाही. मनीषा, माझी बायको, गेली त्याच वर्षी मी शटर ओढलं आणि भोमवाडीला परत आलो. सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी आमची, चाळीसेक घरं. मागच्या दारी उतरलं की परडं, परड्याच्या दगडी गडग्यापलीकडे काजू, आणि काजू संपले की रान. चार घरं सोडून माझी थोरली बहीण राहायची. नलिनी गवस. मी तिला बाय म्हणायचो. सकाळची पेज तिच्याकडून यायची, आणि पेजेबरोबर फुकटचे चार शब्दही. "दाढी कर. बायको मेली म्हणान तू मेलंस काय?" असली बोलणी. त्यावरच मी तगलो.

नवरा लवकर गेला तिचा. तिची एकुलती एक मुलगी केतकी. कीटकशास्त्र शिकली आणि जिल्ह्याच्या गोचीड निरीक्षण केंद्रात लागली, तिकडेच राहायला गेली. गेल्या डिसेंबरात ती एक खोकं काखोटीला मारून माझ्याकडे आली.

"मामा, तुझ्या परड्यात चान्या किती येतात?"

खारीला आमच्याकडे चानी म्हणतात. मी म्हटलं, "मोजल्या नाहीत. उच्छाद मांडलाय पण. एक पेरू धड राहू देत नाहीत."

"त्यांचे फोटो काढशील?"

"माणसांची लग्नं टिपून झाली, आता चान्यांचीच राहिली होती."

ती हसली नाही. पडवीत बसून तिने मला सगळं नीट समजावलं, आणि ते इथे सांगायलाच हवं.

माकडताप गोचिडीमुळे येतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो येणार हे कळायचं कसं? पूर्वी रानात माकड मेलेलं सापडलं की धावपळ सुरू व्हायची. तोवर उशीर झालेला असायचा, कारण माकड मरतं तेव्हा विषाणू रानभर पसरलेला असतो आणि माणसं आठवड्याभरात तापाने पडायला लागतात. केतकीच्या केंद्राने उलटा विचार केला. गोचीड अंड्यातून निघते तेव्हा खसखशीएवढी असते. ती तेव्हा माकडाच्या वाटेला जात नाही. जमिनीलगत फिरणारं लहान जनावर पकडते, म्हणजे चानी, उंदीर, नाहीतर पातेऱ्यात उकरत बसणारे सातभाई पक्षी. कानाच्या कडेला चिकटते, कारण तिथली कातडी पातळ. पोटभर रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि मोहरीएवढी होते. माणसाला ताप देते ती ही मोहरीएवढी. म्हणजे आज चानीच्या कानावर जितके ठिपके, त्या हिशेबात तीन-चार आठवड्यांनी रानाच्या कडेला गोचिडी. चानीचा कान वाचता आला तर ताप महिनाभर आधी कळतो.

"लोकांनी आपापल्या परड्यातले फोटो पाठवायचे. आमचं यंत्र ठिपके मोजतं आणि वाडीवाडीला रंग देतं," केतकी म्हणाली. "हिरवा, पिवळा, तांबडा. नवी लस सगळ्यांना पुरत नाही, मामा. तांबड्या वाडीला आधी, मग पिवळीला. हिरवीला नाही. डॉक्टरसुद्धा तापाचा पेशंट आला की आधी नकाशा बघतात."

मी खोक्यातला कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "असलं डबडं मी हातात धरणार नाही. माझा कॅमेरा आहे, माझी लांब लेन्स आहे."

"मग सोन्याहून पिवळं! फोटो जितका स्पष्ट तितकं यंत्र त्याला जास्त वजन देतं." मग ती थोडी गंभीर झाली. "एकच अट आहे, मामा. फोटोला हात लावायचा नाही. जसा निघेल तसा पाठवायचा."

"बरं गो. मला शिकवू नको," मी म्हणालो.

पहिल्या आठवड्यात मी सत्तावीस फोटो पाठवले. सकाळी सातच्या उन्हात गडग्यावर पेरूची फोड ठेवायची आणि खिडकीमागे बसून राहायचं. चानी यायची, शेपटी फेंदारायची, दोन हातांत फोड धरायची. फोटो असे निघाले की मिशीचा केस न् केस मोजावा. पण कान! कडेला काळपट दाणे चिकटलेले, काही फुगून राखाडी झालेले. मला शिसारी आली. इतकं गोड जनावर आणि कानाला ही घाण.

केंद्राच्या पानावर प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव यायचं. 'छायाचित्र : उदय नाटेकर, भोमवाडी.' पहिल्याच फोटोखाली तालुक्यातल्या कुणीतरी लिहिलं, 'नाटेकरांच्या चानीला खरूज झाली काय?' त्याखाली पंधरावीस हसरी तोंडं. तीस वर्षांत माझ्या फोटोला कुणी असं हसलं नव्हतं. मी दोन दिवस तेच वाचत बसलो.

त्याच आठवड्यात वाडी पिवळी झाली. पिवळी म्हणजे रानाच्या कडेला जाताना आरोग्यवाल्यांचं तेल चोपडायचं, परत आल्यावर अंग तपासायचं, कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे. काजू वेचायला बाहेरून येणाऱ्या बायका पिवळ्या वाडीत पाय ठेवत नाहीत. शेजारचा सगुण मोरजकर गडग्यापाशी येऊन उभा राहिला.

"उदय, चान्यो सगळ्यांच्याच परड्यात आसत. आमी कोण फोटो काढतव? वाडी पिवळी केलंस ती तुझ्या फोटोंनी."

"मी काय रंगवली काय? आहे ते पाठवलं."

"आहे ता पाठवूक तुका कोणी सांगितल्यान?" असं म्हणून तो गेला. आठ दिवस त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

आता शागीर्दाबद्दल सांगतो. स्टुडिओ बंद करण्याआधी दोन वर्षं मी एक प्रणाली घेतली होती. तिला आपण पूर्वी दुरुस्त केलेले फोटो दाखवायचे, आधीचा आणि नंतरचा. ती आपली पद्धत शिकते आणि पुढचे फोटो आपल्यासारखेच साफ करून देते. मी तिला माझी चाळीस हजार तोंडं दाखवली. कातडीवर गोल, उठलेलं, काळपट काही दिसलं की काढायचं, आणि खालची कातडी आजूबाजूला जुळवून घ्यायची. ती इतकं बेमालूम करायची की मलाच ओळखू येत नसे. मी तिला शागीर्द म्हणायचो. फोटो बाहेर पाठवताना शागीर्द आपोआप हात फिरवायचा. चान्यांसाठी मी त्याला बंद ठेवला होता.

त्या रविवारी मी तो चालू केला. एक नंबरावर. दहापैकी फक्त एक.

मी मनाशी काय म्हणालो तेही सांगतो. म्हणालो, मी कुठे हात लावला? तो शागीर्द. आणि एवढं मोठं केंद्र आहे, कॅमेऱ्यातली मूळ प्रत त्यांच्याकडे आपोआप जातच असेल, मोजणी तिच्यावर होत असेल. केतकीला फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही.

चान्या देखण्या दिसायला लागल्या. पानावर लोक लिहायला लागले, 'नाटेकर, कमाल!' जानेवारी संपता संपता वाडी हिरवी झाली. सगुण फणसाची भाजी घेऊन आला. केतकीचाही फोन आला.

"मामा, आपली वाडी उतरली! मला आश्चर्यच वाटलं. साहेबांनी विचारलं, एवढ्या लवकर कशी? मी म्हटलं, मामाचे फोटो आहेत, डोळे मिटून विश्वास ठेवा."

मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाय सकाळीच पेज घेऊन आली. कमरेला कोयती, डोक्याला जुनं लुगडं गुंडाळलेलं.

"उदया, आज आपलो रंग खंयचो रे?"

मी मोबाईल बघितला. "हिरवो."

"मगे जातंय पातेऱ्याक." सुकलेल्या पाल्याला आम्ही पातेरा म्हणतो. भात पेरायच्या जागेवर तो पसरून जाळतात, गोठ्यात अंथरतात, कलमांच्या बुडात घालतात. दरवर्षी या दिवसांत बायका रानाच्या कडेला जाऊन तो हातांनी ओढून गोळा करतात. "तुझ्या कलमांका पण एक हारो भरून हाडतंय," ती म्हणाली.

"तेल लावून जा गो."

"हिरव्यात कसला तेल? वास मारता मेल्याचो, जेवण जायना."

मी हसलो. दुसरं काही बोललो नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती परड्याच्या बाजूने आली. डोक्यावर पातेऱ्याने भरलेला हारा, म्हणजे ही एवढी मोठी टोपली. काजूच्या फांद्यांतून पिवळं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, आणि वाटेत कुणाची तरी टिंगल केली असावी, कारण ती एकटीच हसत होती. कॅमेरा माझ्या हातातच होता.

"थांब गो जरा. मान वळव. थोडी अजून."

"पांढरे केस दिसतले."

"दिसूचे नाय. माझो शागीर्द आसा."

"मगे सुरकुत्यो पण काढ. केतकीच्या लग्नात मिरवूक होयो फोटो."

मी तीन फोटो काढले. तिने हारा कलमांपाशी उपडा केला, हात झटकले आणि चहा मागितला.

सहाव्या दिवशी तिला ताप भरला. डोळ्यांच्या मागे कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं म्हणाली. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने नकाशा उघडला, भोमवाडी हिरवी बघितली आणि साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. त्याचं काही चुकलं नाही. त्याला जे दिसलं ते बघून त्याने केलं. चौथ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा कुठे आम्ही तिला तालुक्याच्या इस्पितळात हलवलं. रक्त तपासणीला गेलं. उत्तर आलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. नवव्या दिवशी गेली. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून होतो, केतकी आत होती. ती बाहेर आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. मीही रडलो. एकमेकांना आता आम्ही दोघंच उरलो होतो.

त्याच आठवड्यात वाडीत आणखी तिघं पडली. त्यांत सगुणची सून होती, पाच महिन्यांची पोटुशी.

केंद्रात चौकशी बसली. हिरव्या वाडीत चार पेशंट आणि एक मृत्यू म्हणजे नकाशा भरवशाचा नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. बायच्या दहाव्याला सगळं उरकून केतकी तिच्या चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली होती.

"मामा, सोमवारी बैठक आहे," ती म्हणाली. "मी लिहून देणार आहे. चानीच्या कानावरून ताप ओळखता येतो हे म्हणणंच चुकीचं होतं. सगळ्या, दोनशे बारा वाड्यांचा नकाशा बंद होईल."

"मग काय करणार?"

"पूर्वीसारखं. माकड मरायची वाट बघायची." तिने गुडघ्यांवर हनुवटी टेकली. "आई मला विचारायची, हिरव्याचा भरवसा धरू ना गे? मी सांगायचे, बिनधास्त जा. माझ्या यंत्राने सांगितलं म्हणजे बिनधास्त. मी मारलं तिला, मामा."

"असलं काही बोलू नको," मी म्हटलं. मला तेव्हाही कळलं नव्हतं, शप्पथ घेऊन सांगतो.

निघताना ती दारात थांबली. "बाराव्याला लावायला आईचा फोटो तूच कर. तो पातेऱ्याचा. हसरा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून मी संगणकापुढे बसलो. शागीर्दाने साफ केलेली प्रत उघडली. फ्रेमसाठी फोटो मोठा करायचा होता. मोठा केल्यावर डाव्या कानाच्या पाळीखाली मानेवर एक जागा मला खटकली. जरा जास्तच गुळगुळीत. तिथली एक सुरकुती मध्येच तुटली होती आणि पुढे पुन्हा सुरू झाली होती. एवढं कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण काम माझं होतं आणि बहीणही माझीच. सुरकुती जुळवून घ्यावी म्हणून मी मूळ प्रत उघडली.

पाळीखाली एक ठिपका होता. मोहरीएवढा, तांबूस काळा.

तीळ असेल म्हणून मी आणखी मोठा केला. बायला तिथे तीळ नव्हता, मला माहीत होतं. ठिपक्याला पाय होते. एका बाजूला चार स्पष्ट दिसत होते, दुसऱ्या बाजूचे कातडीच्या सावलीत. डोकं आत रुतलेलं.

हा फोटो काढला तेव्हा मी तिच्यापासून पाच हातांवर उभा होतो. तिने तिथेच बसून चहा घेतला. मी त्याच संध्याकाळी हा फोटो पडद्यावर बघितला होता, वा म्हटलं होतं, तिला पाठवला होता, केतकीला पाठवला होता. आम्ही तिघांनीही जो बघितला त्यात हे नव्हतं. शागीर्दाने काढलं होतं. मी शिकवलं तसं.

मग मी चान्यांचा कप्पा उघडला. मूळ प्रती सगळ्या होत्या, मी कधी काही पुसत नाही. जानेवारीच्या पहिल्या फोटोत डाव्या कानावर अकरा. दुसऱ्यात चौदा. पुढच्या आठवड्यात एका कानावर मोजताच येईनात इतके, कानाची कड दिसत नव्हती. त्याच फोटोची केंद्राकडे गेलेली प्रत शेजारी लावली. गुलाबी, स्वच्छ, उन्हात पारदर्शक झालेला कान. खाली माझं नाव. एकशे बेचाळीस फोटो मी असे शेजारी शेजारी लावून बघितले. एवढ्याशा आमच्या वाडीतून दुसऱ्या कुणाचे फोटो जात नव्हते. वाडीला हिरवा रंग मीच दिला होता.

एक विचार माझ्या मनात आला, तो लपवत नाही. मूळ प्रती पुसून टाकायच्या. दोन बोटांचं काम होतं. यंत्र चुकलं असं सगळे म्हणतच होते. केतकी तेच लिहून देणार होती. मला या जगात एकच माणूस उरलं होतं. खरं सांगितलं तर ते जाणार होतं. आणि नाही सांगितलं तर ते माझ्याजवळ राहणार होतं, मामा मामा करत, पण आपण आपल्या आईला मारलं असं समजत जन्म काढणार होतं. आणि दोनशे बारा वाड्या माकड मरायची वाट बघणार होत्या.

दारातून हाक आली. सगुण होता. डोळे तांबारलेले, इस्पितळातून थेट आला होता.

"पोर रवला नाय," तो म्हणाला. "सुनेचा पण काय सांगूक येणा नाय म्हणतत." मग तो पायरीवर बसला आणि त्याचा आवाज चढला. "तुझ्या त्या भाचयेक सांग, वाडयेत पाय ठेवू नको म्हणान. आयशीचा बारावा करूक येतला ना? येऊन दे. तिच्या यंत्रान आमची वाट लावलेली आसा. सगळ्यांसमोर इचारतलंय तिका."

"सगुण," मी म्हटलं.

"काय?"

"तिचं यंत्र चुकलं नाही. फोटो चुकले. माझे."

त्याला नीट कळलं नसावं. मी त्याला आत नेलं आणि पडदा दाखवला. तो बराच वेळ बघत होता, एकदा हा कान, एकदा तो. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मीच बोल्लंय तुका," तो हळूच म्हणाला. "आहे ता पाठवूक कोणी सांगितल्यान." आणि पायऱ्या उतरून गेला.

मी केतकीला फोन केला. ये म्हटलं, आत्ता. ती अर्ध्या तासात स्कूटरवर आली. मी काही बोलायच्या आधी तिला खुर्चीवर बसवलं आणि पहिला जोड उघडला. चानीचे दोन कान. मग तिने खिशातून पेन काढलं आणि पडद्याला टोक न लावता मोजायला लागली. ओठ हलत होते. अकरा. चौदा. नऊ आणि बारा. तिचं कामच ते.

"सगळे?" तिने विचारलं.

"एकशे बेचाळीस. पहिले सत्तावीस सोडून."

"का?"

मी सांगितलं. खरूज म्हणून हसले ते, सगुण, शागीर्द, एक नंबर, सगळं. माझ्या कानांना ते इतकं क्षुल्लक लागत होतं. एवढ्यासाठी? ती तेच विचारेल असं वाटलं. तिने ते विचारलं नाही.

"अजून एक आहे," मी म्हटलं आणि बायचा मूळ फोटो उघडला.

तिने आधी आईचं तोंड बघितलं. मग तिची नजर मानेवर गेली आणि तिथेच थांबली. तिने हात पुढे केला, दोन बोटं चिमटीसारखी करून, गोचीड काढताना करतात तशी, आणि अर्ध्यावरून मागे घेतला.

"मी तेव्हाच बघितली असती," मी म्हटलं, "काढली असती, तर बाय..."

"माहीत नाही." तिचा आवाज कोरडा होता. "चावल्यावर विषाणू किती वेळात अंगात जातो ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. कदाचित वाचली असती. कदाचित नसती. पण वाडी पिवळी असती तर आई तेल लावून गेली असती. आल्यावर अंग तपासलं असतं. डॉक्टरने पहिल्याच दिवशी रक्त घेतलं असतं. आणि हे कान बघता वाडी पिवळी नाही, तांबडीच झाली असती. मग तिला जानेवारीत लस मिळाली असती. हे नक्की माहीत आहे."

मी तिच्या पायाशी बसलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, भाचीच्या पायाशी. "केतकी, मला काय हवं ते कर."

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला फोटो पाठवायचेत."

जन्मापासून तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

तिने एकेक करत सगळ्या मूळ प्रती केंद्राकडे पाठवल्या. मग मोबाईलवर नकाशा उघडून टेबलावर ठेवला. आम्ही दोघं बघत होतो. चार मिनिटांत भोमवाडी तांबडी झाली. तिने साहेबांना फोन लावला, चार वाक्यांत सगळं सांगितलं, माझं नाव आणि नातं दोन्ही सांगितलं, लसीची गाडी उद्या सकाळी पाहिजे म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बाहेर पडवीत गेली आणि खांबाला धरून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी उठलो नाही. तिला माझा हात नको होता एवढं मला कळत होतं.

स्कूटर चालू करताना ती म्हणाली, "फोटो उद्या सकाळी लागेल. मूळचा द्या. साफ करू नका."

सोमवारच्या बैठकीत नकाशा बंद झाला नाही. आता कॅमेऱ्यातली मूळ प्रत आल्याशिवाय यंत्र मोजतच नाही, असा नियम झालाय. त्या नियमाच्या कागदावर कारण म्हणून एका वाडीचं नाव आहे. सगुणची सून वाचली. तो माझ्याशी बोलत नाही, दुसरंही कुणी बोलत नाही. काजू यंदा झाडाखालीच कुजले. सकाळची पेज मी स्वतः करतो. शागीर्द मी पुसून टाकला, चाळीस हजार तोंडांसकट.

बाराव्याला वाडी तांबडी होती म्हणून फारशी माणसं आली नाहीत. दारात लसवाल्यांची गाडी उभी होती, आलेला प्रत्येकजण आधी दंड पुढे करायचा आणि मग आत यायचा. मी फ्रेम सकाळीच ठेवून मागच्या खोलीत उभा राहिलो. समोरच्या भिंतीवर बाय हसत होती, डोक्यावर हारा, तोंडावर ऊन, सगळे पांढरे केस आणि सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी. केतकीने हार घातला तो मान दिसेल असा, जरा वर ओढून.

शेवंतीकाकी आल्या, बायच्या जोडीदारीण, सत्तरीच्या. बाय पातेऱ्याला त्यांच्याबरोबरच जायची. त्या फोटोपाशी गेल्या, हात जोडले, आणि निरखून बघायला लागल्या. मग त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि काच पुसली. परत बघितलं. परत पुसली, जरा जोर लावून.

"मेला जायना कसा?" त्या पुटपुटल्या. "उदयान काच नीट पुसूक नाय वाटता."

केतकी त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांचा हात धरला.

"रवांदे काकी," ती म्हणाली. "तो काचेवर नाय."